गाडीच्या दारात नवे स्पीकर बसवताय? पॅड काढण्याआधी एवढं तपासा

नवी गाडी घेतली की पहिली तक्रार बहुतेक आवाजाचीच असते. खालच्या मॉडेलमध्ये कंपनीचे स्पीकर साधे असतात, काही गाड्यांत तर नुसती जागा आणि वायर दिलेली असते. मग बाजाराच्या दिवशी तालुक्याला गाडी लावायची आणि तासाभरात स्पीकर बसवून घ्यायचे, असं चालतं. स्पीकर बदलणं तसं अवघड नाही. पण घाईत केलेल्या कामाचे परिणाम पावसाळ्यात दिसतात. दारातून पाणी आत येतं, पॅड खडखडतं, कधी पॉवर विंडो बंद पडते. वायरिंगचा जोड कच्चा राहिला तर शॉर्टसर्किटचा धोका असतो.

स्पीकर घेण्याआधी

दारातले स्पीकर साधारण ४ इंची, सव्वापाच इंची किंवा साडेसहा इंची असतात. अंडाकृती ६ बाय ९ इंची स्पीकर बहुधा मागच्या ट्रेवर बसतात. नुसता गोल मापून भागत नाही, खोलीही बघावी लागते. दाराची काच पूर्ण खाली घ्यायची आणि मग स्पीकरच्या भोकापासून काचेपर्यंतचं अंतर मोजायचं. मागचा चुंबक त्यापेक्षा खोल असेल तर काच त्याला घासते. अशा वेळी खाली प्लॅस्टिकची रिंग लावून स्पीकर पुढे घेतात. पण फार पुढे आला तर पॅडची जाळी त्याला टेकते. एमडीएफची रिंग टाळलेली बरी, दारातल्या ओलाव्याने ती फुगते.

डब्यावर मोठ्या अक्षरात '३०० वॅट' लिहिलेलं असतं. ती क्षणभराची कमाल ताकद असते. बघायचा आकडा आरएमएसचा. दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, तो डेसिबलमध्ये असतो. हा आकडा ३ ने जास्त असला तर तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. अॅम्प्लिफायर लावायचा नसेल तर ९० किंवा त्याहून जास्त डेसिबलचा स्पीकर कंपनीच्या टेपवरही चांगला वाजतो. टेपला चालणारा ओहमचा आकडाही जुळला पाहिजे. बहुतेक ठिकाणी तो ४ ओहम असतो. एकाच वायरवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर भार २ ओहमचा होतो आणि टेप तापतो.

पॅड कसं काढतात

- आधी गाडी बंद करून चावी काढावी आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. एअरबॅगची गाडी असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबावं.
- स्क्रू लपवलेले असतात. आतल्या हँडलच्या वाटीत, आर्मरेस्टच्या टोपणाखाली आणि कडेला बघावं. हाताने फिरवायची काच असेल तर तिचा हँडलही काढावा लागतो.
- सगळे स्क्रू निघाल्यावर खालच्या कडेने एकेक क्लिप सोडवावी. लोखंडी पेचकसाऐवजी प्लॅस्टिकची पट्टी वापरावी, रंगाला ओरखडा पडत नाही.
- पॅड एकदम ओढू नये. मागे पॉवर विंडोच्या बटणाची वायर आणि कुलपाची केबल असते. ती आधी सोडवावी.
- क्लिपा तुटतातच, म्हणून चार-पाच जादा आणून ठेवाव्यात. तुटक्या क्लिपांवर पॅड बसवलं की खडखड सुरू.

प्लॅस्टिकचा कागद फाडू नका

पॅडच्या मागे दाराला चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद असतो. तो कचरा समजून काही जण फाडून टाकतात. पावसाचं पाणी काचेच्या रबराजवळून दारात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून हा कागद असतो. तो गेला की पॅड भिजतं, मॅट ओली होते आणि कुबट वास येतो. कागद हळूच सोडवून परत नीट चिकटवावा. तळाची भोकं चिखलाने किंवा आवाज रोखायच्या शीटने बुजली तर पत्रा गंजतो, तेव्हा तीही मोकळी ठेवावीत.

वायर कापायची नाही

कंपनीचा कपलर कापून वायरी पिळून टेप गुंडाळणं हे सर्रास चालतं. गाडी वॉरंटीत असेल तर पुढे वायरिंगचा बिघाड झाल्यावर कंपनी दावा नाकारू शकते. गाडीच्या मॉडेलप्रमाणे तयार कपलर मिळतो, एक टोक कंपनीच्या वायरला आणि दुसरं स्पीकरला. तोच मागून घ्यावा.

प्लस-मायनस उलटं झालं तर स्पीकर वाजतो, पण एक आत ओढतो तेव्हा दुसरा बाहेर ढकलतो आणि बास गायब होतो. तपासायला दीड व्होल्टचा घड्याळाचा सेल पुरतो. स्पीकर वायरीपासून सुटा असताना सेल क्षणभर लावायचा. पडदा बाहेर आला तर सेलचं प्लस टोक स्पीकरच्या प्लसला लागलंय असं समजायचं.

पिवळ्या कपलरला किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरला हात लावू नये, ती बहुधा एअरबॅगची असते. पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत पुढच्या खांबाच्या पॅडला ट्वीटर ठोकू नये. अपघातात एअरबॅग तिथूनच उघडते.

अॅम्प्लिफायर लावणार असाल तर

त्याची मुख्य वायर थेट बॅटरीवरून येते. बॅटरीपासून वीतभर, फार तर दोन वीत अंतरावर फ्यूज हवाच. वायर पत्र्यातून आत घेताना रबरी बूच लावावं. नाहीतर धक्क्यांनी आवरण घासतं आणि आग लागू शकते.

बॅटरीचाही हिशेब ठेवावा. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. इंजिन बंद ठेवून १० अँपिअर ओढणारी सिस्टीम वाजवली तर दोन तासांत निम्म्याहून जास्त बॅटरी जाते. मग शेतावरून गाडी ढकलत आणायची वेळ येते.

काम झाल्यावर

दुकानातून निघण्याआधी चारही काचा वर-खाली करून बघाव्यात, कुलपं तपासावीत, आवाज वाढवून पॅड थरथरतं का ते ऐकावं. बंद काचेवरून दोन तांबे पाणी ओतावं आणि मॅट कोरडी राहते का ते पाहावं. बिल घ्यावं आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी. नोंद नसलेल्या वरच्या सामानाची चोरी झाली तर भरपाई मिळणं कठीण असतं.

आवाज मात्र एवढाच ठेवावा की मागच्या ट्रकचा हॉर्न आणि अँब्युलन्सचा सायरन ऐकू येईल. काढलेले कंपनीचे स्पीकरही दुकानात सोडू नयेत. गाडी विकताना तेच परत बसवता येतात.