फरशीतलं झाड

जालन्यातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीत एक शहाबादी फरशी आहे. करड्या दगडावर बारीक फांद्यांचं काळं झाड उमटलेलं. दादी त्यावर कुणाला पाय ठेवू देत नसे. आम्ही पोरं म्हणायचो, दगडात पान दबलंय.

पान नाही ते. जमिनीवर वनस्पती आल्या सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी. शहाबादचा चुनखडक त्याहून जुना, उथळ समुद्रात थराथरानं साचलेला. पुढे कधीतरी थरांमधल्या फटीत मँगनीज आणि लोह विरघळलेलं पाणी झिरपलं आणि त्यांची ऑक्साइडं टोकाटोकाला फुटत वाढली. दोन काचांमध्ये घट्ट रंग दाबून काचा अलग करा, अशाच फांद्या दिसतील.

जालन्याचा स्वतःचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. जमशेदखानाची काळी मशीद आठवा. तो छिन्नीनं घडवावा लागतो. शहाबादी थर मात्र पहारीनं सपाट सुटतो. गुलबर्ग्याकडचं शहाबाद आणि जालना, दोन्ही निजामाच्या राज्यात. १९०० च्या सुमारास जालन्यात रेल्वे आली आणि असा जड माल दूरवरून आणणं सोपं झालं. १९५६ साली शहाबाद म्हैसूर राज्यात गेलं, आपण मुंबई राज्यात. फरशी तिथेच राहिली.

आता भाऊ टाइल्स बसवतोय. दुकानदारानं दाखवलेल्या टाइलवरही झाडच आहे, प्रत्येकीवर तेच, छापलेलं. मी म्हटलं, बसव, पण ती एक फरशी मला दे. गवंडी म्हणतो, काढताना फुटेल. उद्या सकाळी येतोय तो.