मुरैना हवाई टक्कर (२०२३)

भारतीय वायुसेनेची सुखोई-३० एमकेआय आणि मिराज-२००० ही दोन लढाऊ विमाने सरावाच्या उड्डाणात एकमेकांवर आदळून झालेला अपघात. मध्य प्रदेशातील मुरैना जिल्ह्यात, पहाडगढ परिसरात तो शनिवार, २८ जानेवारी २०२३ रोजी सकाळी घडला. मिराजचे वैमानिक विंग कमांडर हनुमंतराव सारथी मृत्युमुखी पडले. ते बेळगावचे. सुखोईतील दोघे वैमानिक वेळीच बाहेर फेकले जाऊन बचावले.

दोन्ही विमाने ग्वाल्हेरच्या तळावरून निघाली होती. मिराज १९८५ पासून याच तळावर आहेत. सुखोई महाराष्ट्राच्या ओळखीचे : त्याची भारतातील बांधणी नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात झाली, आणि पुण्याच्या लोहगाव तळावरून त्याची उड्डाणे चालतात. काही अवशेष राजस्थानच्या भरतपूर जिल्ह्यात पडल्याने सुरुवातीला तो वेगळाच अपघात समजला गेला. मिराजचा ब्लॅक बॉक्स दुसऱ्या दिवशी पहाडगढजवळ मिळाला. कारणाच्या तपासासाठी वायुसेनेने कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमली.

अशा सरावाला ‘नेहमीचे उड्डाण’ म्हणतात, पण त्या शब्दाने त्यातली जोखीम झाकली जाते. हवाई लढतीचा सराव विमाने जवळ आणल्याशिवाय होतच नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर आली, तर त्यांच्यातले एक किलोमीटर अंतर दोन सेकंदांत संपते. त्यातही डोळा फसतो. सरळ टकरीच्या मार्गावर असलेले विमान काचेत एकाच जागी स्थिर दिसते. हलणारी वस्तू चटकन नजरेत भरते, ही भरत नाही. तिचा ठिपका मोठा होऊ लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून प्रत्येक विमानाला उंचीचा वेगळा पट्टा आणि किमान अंतर आधी ठरवून दिले जाते, आणि सरावातले समोरचे विमान दिसेनासे झाले तर लढत तिथेच थांबवतात. मिराज एकआसनी होते. मागच्या आसनावरून सावध करणारी दुसरी नजर सारथींजवळ नव्हती. बाहेर पडण्याचे आसन अग्निबाणाच्या जोरावर वैमानिकाला क्षणात विमानाबाहेर फेकते, पण त्याचा खटका ओढण्याइतका अवधी मिळावा लागतो.

याआधी १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळुरूजवळच्या येलहंका येथे वायुसेनेच्या ‘सूर्यकिरण’ या हवाई कसरतींच्या पथकाची दोन हॉक विमाने एअरो इंडिया या हवाई प्रदर्शनाच्या रंगीत तालमीत धडकली होती. त्यात विंग कमांडर साहिल गांधी यांचा मृत्यू झाला.

सारथी यांचे घर बेळगावच्या गणेशपूर भागातले. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आणि सांबऱ्याची वायुसैनिकांची प्रशिक्षण शाळा यांमुळे या शहरात गणवेशाची सवय घराघराला आहे. २९ जानेवारीला त्यांचे पार्थिव विमानाने सांबऱ्याला आणण्यात आले आणि त्याच दिवशी बेळगावात लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले.