अनेक कथांचे वीर, एक रणांगण

कथेंतला वीर आपल्या कथेची वेस सहसा ओलांडीत नाहीं. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आपल्या पुस्तकांत नांदतो, चिं. वि. जोश्यांचे चिमणराव आपल्या पुस्तकांत. दोघांची गांठ पडण्याचें कारण नाहीं. वाचणाऱ्या मुलाच्या मनांत मात्र ही वेस नसते. एक पुस्तक मिटून दुसरें उघडतांना तें विचारतें, या दोघांची जुंपली तर जिंकेल कोण? ह्या बालसुलभ प्रश्नावर खेळांची एक संबंध जात उभी आहे. निरनिराळ्या कथांतील वीर एका रणांगणांत उतरवावयाचे, खेळणारांनीं त्यांतून आपापला वीर निवडावयाचा आणि झुंजावयाचें, असा तो खेळ. हल्लींच्या व्हिडिओ-खेळांत त्याला मोठें स्थान आहे. खेळून तृप्त न होतां त्याचे चाहते स्वतःच नव्या खेळाचे आराखडे रचीत बसतात: कोणते वीर घ्यावे, कोणाचे डाव कोणते, रणांगण कसें असावें. वडील मंडळींस हा काळाचा अपव्यय वाटतो. या खेळाचा इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, त्याचा आरंभच अशा न सांगितलेल्या आराखड्यांतून झालेला आहे.

अशा खेळाचा एक जुना नमुना महाराष्ट्रांतच सांपडतो. गंजिफा हा पत्त्यांचा खेळ इराणकडून हिंदुस्थानांत आला. बाबरानें सन १५२७ मध्यें सिंधच्या शाह हसनास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. मोगली गंजिफ्यांत आठ रंगांचीं ९६ पानें असत. पुढें येथल्या कलावंतांनीं त्या परक्या खेळाचा सांगाडा तसाच ठेवून त्यांत आपल्या कथांतील दशावतार बसविले. दहा अवतारांचे दहा रंग झाले. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंतचीं पानें, मिळून १२. म्हणजे सारा संच १२० पानांचा. सावंतवाडीचे चितारी हीं वाटोळीं पानें हातानें रंगवीत आले.

या दशावतारी गंजिफ्याकडे आजच्या दृष्टीनें पाहिलें तर नवल वाटतें. मत्स्य आणि कूर्म सत्ययुगांतले, राम त्रेतायुगांतला, कृष्ण द्वापारांतला आणि कल्कि तर अद्यापि यावयाचा आहे. पुराणांत ज्यांच्यामध्यें युगांचें अंतर, ते पटावर शेजारीं शेजारीं येतात आणि एकमेकांचीं पानें जिंकतात. शिवाय सर्वांस एकच नियम नाहीं. निम्म्या रंगांत दहाचें पान मोठें, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. दिवसां खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातीं असेल त्यानें आरंभ करावयाचा, रात्रीं मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्या हातीं त्यानें. रामजन्म माध्यान्हींचा आणि कृष्णजन्म मध्यरात्रींचा, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या नियमांतील मौज कळते. प्रत्येक वीराचा स्वभाव त्याच्या कथेंतून आणून खेळांत उतरवावयाचा, ही जी आजच्या रचनाकारांची कसोटी, ती त्या अनाम चिताऱ्यांनीं केव्हांच ओळखली होती.

त्यांना कोणाची परवानगी मात्र घ्यावी लागली नाहीं. राम-कृष्णांच्या चरित्रावर कोणाची मालकी नव्हती. कीर्तनकार, दशावतारी नट आणि चितारी हे सर्वच त्या भांडारांतून मोकळ्या हातानें घेत. धोका होता तो विस्मृतीचा. छापील पत्ते स्वस्त झाले आणि हातानें रंगविलेला गंजिफा मागें पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सावंतवाडीचे शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती विद्या समजून घेतली, राजवाड्यांत कारागीर बसविले आणि हा खेळ नष्ट होण्यापासून वांचविला.

आधुनिक काळांत परवानगीचा प्रश्न पुढें आला तो जपानांत. तेथील हॅल लॅबोरेटरी या संस्थेंत मासाहिरो साकुराई हे तरुण रचनाकार होते. सन १९९२ मध्यें त्यांनीं 'कर्बी' हा गुबगुबीत वीर निर्माण केला होता. एकाच वेळीं चौघांना खेळतां येईल असा झुंजीचा एक खेळ त्यांच्या मनांत होता. संस्थेचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनीं सुटीच्या दिवशीं बसून त्याची यंत्रभाषेंतील मांडणी करून दिली. आरंभींच्या त्या नमुन्याचें नांव होतें 'ड्रॅगन किंग', आणि त्यांतील झुंजणाऱ्यांना चेहरेसुद्धां नव्हते. चेहरे नसलेल्या वीरांविषयीं खेळणाराला आपलेपणा वाटणार नाहीं, हें साकुराई यांनीं जाणलें. त्यांनीं निन्टेन्डो कंपनीच्या निरनिराळ्या खेळांतील मारिओ, डॉन्की काँग, सॅमस व फॉक्स हे चार वीर उचलून आपल्या नमुन्यांत घातले, आणि तेंही कंपनीस न विचारतां. आधीं विचारलें असतें तर नकार येईल असें त्यांना वाटत होतें. खेळ पुरता तोलून, खेळावयास योग्य करून मगच त्यांनीं तो दाखविला. कंपनीनें संमति दिली आणि २१ जानेवारी १९९९ रोजीं 'सुपर स्मॅश ब्रदर्स' हा खेळ १२ वीरांसह जपानांत प्रसिद्ध झाला. जगभर त्याच्या ५० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

या यशाचें रहस्य केवळ ओळखीच्या चेहऱ्यांत नव्हतें. पूर्वींच्या झुंजीच्या खेळांत दोघे समोरासमोर उभे राहत आणि एकाची शक्ति शून्यावर आली कीं डाव संपे. त्यांतील डावपेंच पाठ करण्यास बराच सराव लागे. साकुराई यांनीं नियमच बदलला. रणांगण म्हणजे अधांतरीं तरंगणारे लहानमोठे ओटे. मार बसेल तसा वीराच्या नांवाखालचा आंकडा वाढत जातो; आंकडा जितका मोठा, तितका पुढचा तडाखा त्याला दूर फेकतो. ओट्यावरून पार बाहेर फेकला गेला तो हरला. ही रीत कुस्तीपेक्षां जपानी सुमोला जवळची. तिच्यामुळें जड डॉन्की काँग सहजासहजीं उडत नाहीं, पण हालचालींत मंद; हलका कर्बी लवकर उडतो, पण हवेंत तरंगून परत येतो. ज्याच्या त्याच्या कथेंतील गुणदोष येथें शस्त्र होतात. भिन्न कथांचे वीर एका पटावर समतोल राहावेत, ही गंजिफ्यांतली जुनीच अडचण येथें नव्या युक्तीनें सोडविलेली दिसते.

खेळ लोकप्रिय होतांच जें साकुराई यांनीं निन्टेन्डोच्या वीरांविषयीं केलें, तेंच चाहते त्यांच्या खेळाविषयीं करूं लागले. सन २००६ मध्यें 'सुपर स्मॅश फ्लॅश' नांवाचा खेळ चाहत्यांनीं रचून फुकट खेळावयास दिला. त्याच्या दुसऱ्या भागांत जपानी चित्रकथांतील गोकु व नारुतो हेही मारिओच्या शेजारीं येऊन बसले. सन २०११ मध्यें 'प्रोजेक्ट एम' आला. मूळ खेळाची तिसरी आवृत्ति, 'ब्रॉल', हिच्यांत फेरफार करून चाहत्यांच्या मंडळींनीं आपल्या आवडीचा वेगवान खेळ तयार केला होता. १ डिसेंबर २०१५ रोजीं त्यांनीं तें काम थांबविल्याचें जाहीर केलें. कायद्याची नोटीस आल्यामुळें आपण थांबत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. तरी पायाखालची जमीन दुसऱ्याची आहे, ही जाणीव अशा प्रत्येक उद्योगाला असतेच. पुढच्याच वर्षीं ती खरी ठरली. सॅमसच्या एका जुन्या खेळाची नवी आवृत्ति एका चाहत्यानें अनेक वर्षें खपून पुरी केली आणि ऑगस्ट २०१६ मध्यें प्रसिद्ध केली. थोड्याच दिवसांत निन्टेन्डोनें हरकत घेऊन तिचें वाटप बंद पाडलें. साकुराई संस्थेच्या आंतले होते आणि त्यांची गोष्ट मालकाला पटली. बाहेरच्या चाहत्याच्या वांट्यास हें भाग्य क्वचितच येतें.

बाहेरच्या चाहत्यापुढें दुसरी एक वाट मात्र असते. डॅन फोर्नेस यांनीं सन २०११ मध्यें 'सुपर स्मॅश लँड' हा लहानसा खेळ केला होता. जुन्या हातयंत्राच्या हिरवट चित्रांत तो उसने वीर नाचवी. त्या कामांत हात बसल्यावर त्यांनीं उसने वीर सोडून दिले आणि स्वतःचे प्राणिरूप वीर, स्वतःची चार महाभूतांची सृष्टि रचली. तो 'रायव्हल्स ऑफ एथर' सन २०१७ मध्यें पूर्ण होऊन बाजारांत आला आणि त्याला स्वतःचे चाहते लाभले. दुसऱ्याचें चित्र गिरवितां गिरवितां चित्रकार घडतो, ही गोष्ट चित्रशाळेंत कोणालाही नवी नाहीं.

मालकांनींही चाहत्यांचें ऐकल्याचें उदाहरण आहे. सन २०१५ मध्यें निन्टेन्डोनें जगभरच्या खेळणारांस विचारलें कीं, रणांगणांत आणखी कोण यावा? त्या मतदानांत सर्वाधिक मागणी झाली ती 'किंगडम हार्ट्स' या खेळांतील सोरा ह्या वीराची. त्याचे हक्क अमेरिकेच्या डिस्नी कंपनीकडे, म्हणून तो येणें अशक्यप्राय वाटत होतें. तरी वाटाघाटी होऊन ऑक्टोबर २०२१ मध्यें तो 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट'मध्यें शेवटचा वीर म्हणून दाखल झाला. तेव्हां त्या खेळांतील वीरांची संख्या ८० च्या वर गेली होती. याउलट, सारे हक्क घरांत असूनही खेळ टिकतोच असें नाहीं. वॉर्नर ब्रदर्सजवळ बॅटमॅन, बग्ज बनी आणि टॉम व जेरी हे सर्व आपलेच होते. त्यांना घेऊन 'मल्टिव्हर्सस' हा खेळ २८ मे २०२४ रोजीं पूर्ण स्वरूपांत निघाला. ३० मे २०२५ रोजीं त्याचें जाळ्यावरील खेळणें बंद झालें. मालकी असली म्हणजे जिव्हाळा येतोच असें नव्हे.

या सर्व इतिहासाचा मराठी घरांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, मराठी मुलाच्या मनांतील रणांगणांत आज मारिओ, गोकु आणि बॅटमॅन आहेत. मराठी कथेंतला वीर तेथें क्वचितच दिसतो. त्याला आणावयाचें तर कायदा काय म्हणतो, हें पाहणें अगत्याचें आहे. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणें लेखकाच्या ग्रंथावरील हक्क त्याच्या हयातींत आणि मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षें राहतो. ताम्हनकर सन १९६१ मध्यें वारले. म्हणून गोट्याच्या मूळ कथा १ जानेवारी २०२२ पासून सर्वांस मोकळ्या झाल्या. चिं. वि. जोशी सन १९६३ मध्यें गेले. चिमणरावांच्या मूळ कथा १ जानेवारी २०२४ पासून तशाच मोकळ्या आहेत. भा. रा. भागवतांचें निधन सन २००१ चें. त्यामुळें सायकलवरून भरधाव सुटणारा फुरसुंगीचा बनेश, म्हणजेच फास्टर फेणे, सन २०६१ च्या अखेरपर्यंत परवानगीवांचून घेतां येणार नाहीं. दूरदर्शनावरील वा चित्रपटांतील या पात्रांचीं रूपें निराळ्या हक्कांखालीं येतात, हेंही विसरतां कामा नये. घरच्या वहींत स्वतःपुरतें चित्र काढण्यास कायदा आड येत नाहीं. अडचण सुरू होते ती खेळ चारचौघांत वाटूं लागल्यावर.

नवी मुंबईच्या वाशी-नेरूळांतील एखादा विद्यार्थी असा आराखडा वहीच्या मागच्या पानांवर रचीत असेल, तर त्याचें नगरही एका न सोंपविलेल्या आराखड्यांतूनच उभें आहे, हें त्याला अवश्य सांगावें. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवून तेथें जुळें नगर वसवावें, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनीं मांडली. तें काम त्यांना कोणी सोंपविलें नव्हतें. सन १९६५ मध्यें 'मार्ग' या नियतकालिकांत ती छापून आली आणि १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना होऊन तिला मूर्त रूप येऊं लागलें. ज्या ९५ गांवांच्या जमिनी त्यांत गेल्या, तेथील भूमिपुत्रांना योग्य मोबदल्यासाठीं पुढें दीर्घ काळ झगडावें लागलें. कल्पना चांगली असली तरी जमीन कोणाची, हा प्रश्न उरतोच. नगराच्या मानानें खेळ ही अगदींच लहान गोष्ट. पण रीत दोहोंकडे एकच.

तेव्हां मुलाच्या हातांतील वही काढून घेण्यापेक्षां वडील मंडळींनीं ती एकदां उघडून पाहावी. चिमणरावांचा डाव काय असेल, गोट्या कोणत्या युक्तीनें जिंकेल, हें ठरवावयाचें तर मुलाला तीं पुस्तकें आधीं वाचावीं लागतील. गोट्या आणि चिमणराव यावयास मोकळे आहेत. फेणे हवा असेल तर त्याच्या वारसांकडे रीतसर विचारणा करावी. आणि नकार आला तर वहीचें पुढचें पान कोरें आहे, त्यावर स्वतःचा वीर काढावा.