डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा

गेल्या भाऊबीजेला आम्ही पुण्याहून साताऱ्यास बहिणीकडे निघालो होतो. खंबाटकीचा घाट ओलांडून गाडी सपाटीला लागते न लागते तोच वेगाच्या काट्याशेजारी एक पिवळा दिवा लागला. इंजिनाची चिमुकली आकृती. बाकी अवाक्षर नाही. गाडी तर मजेत चालली होती. ना आवाज, ना धक्का, ना वास. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे पडले की, दिवाळीच आहे, एक दिवा अधिक लागला तर बिघडले कुठे? मी मात्र उरलेला सारा रस्ता त्या दिव्याकडे पाहत काढला.

ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि बहिणीच्या धाकट्या चिरंजीवांनी खिशातून काडेपेटीएवढे एक यंत्र काढले. स्टिअरिंगखाली हात घालून ते कुठेसे खोचले, किल्ली फिरवायला सांगितले, आणि मोबाइलकडे पाहत पत्रिका वाचणाऱ्या जोशीबुवांच्या थाटात तो म्हणाला, "मामा, पी शून्य एक तीन पाच. ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं काहीतरी आहे. उद्या उजेडात बघू."

मला जे कळले नाही ते गाडीला कळावे, आणि तिने ते आकड्यांत सांगावे! ही सोय कोणी केली आणि कशासाठी, हा प्रश्न काही मनातून जाईना. पुढे सवडीने वाचन केले तेव्हा ध्यानात आले की, या दिव्याची कुळकथा मोटारींच्या कारखान्यात सुरूच होत नाही. ती सुरू होते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजलिस शहरात, १९४३ सालच्या उन्हाळ्यात.

दिवस महायुद्धाचे. २६ जुलैला त्या शहरावर असे काही धुरकट पांघरूण पसरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. जपान्यांनी विषारी वायू सोडला अशीही आवई उठली. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. तो कारखाना थांबवला, तरी धुरके काही हटेना. त्या काळी तेथील गृहस्थ घरचा केरकचरा परसातल्या भट्टीत जाळीत असत. दोषाचे माप त्यांच्याही पदरात पडले, आणि १९५७ साली त्या भट्ट्यांवर बंदी आली. धुरके मात्र होते तेथेच होते. दारात उभ्या असलेल्या मोटारीकडे बोट दाखवायला कोणी तयार नव्हते. आपली गाडी म्हणजे घरातलेच माणूस. तिच्यावर आळ कोण घेणार?

तो आळ घेतला एका अननसवाल्याने. आरी हागेन-स्मिट हा मूळचा हॉलंडचा रसायनशास्त्रज्ञ. पॅसाडेना येथील कॅलटेक संस्थेत अननसाचा सुवास नेमका कोणत्या द्रव्यांनी बनतो याचा तो शोध घेत होता. वास हवेतून ओढून घ्यायचा, थंडीने गोठवायचा आणि उरलेल्या थेंबांची चिकित्सा करायची, ही त्याची रीत. एके दिवशी त्याने अननसाऐवजी खिडकीबाहेरची हवाच त्या नळ्यांतून ओढली. हाती आला तो तपकिरी, उग्र दर्पाचा द्रव. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी त्याने दाखवून दिले की, मोटारींतून आणि तेलशुद्धी कारखान्यांतून न जळता सुटलेली इंधनाची वाफ व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की त्यांतून ओझोन तयार होतो, आणि डोळे झोंबवणारी इतर द्रव्येही. ओझोनाने रबराला भेगा पडतात. म्हणून हवेतला ओझोन मोजायला त्याने वाकवलेल्या रबराच्या पट्ट्याच टांगल्या. तेलधंद्याच्या पैशावर संशोधन करणाऱ्यांनी त्याला पुष्कळ विरोध केला. पण पुढे कॅलिफोर्नियात हवेचे नियम करणारे मंडळ स्थापन झाले, तेव्हा १९६८ साली त्याचे पहिले अध्यक्षपद याच गृहस्थाकडे आले.

यानंतरचा भाग कायद्यांचा आहे, तो भरभर सांगतो. १९७० साली अमेरिकेत हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला, आणि १९७५ च्या मॉडेलांपासून धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येऊ लागला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ लेप. विषारी वायू या जाळीतून जाताना निरुपद्रवी होतात. शिसे लागले की हा लेप निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत ही जोडगोळी १९९५ साली अवतरली.

पण खरी मेख पुढेच होती. कन्व्हर्टरचे काम चोख व्हायचे तर पेट्रोलाच्या एका भागास हवेचे साधारण १४.७ भाग, हे प्रमाण पाळावे लागते. इतका काटेकोरपणा जुन्या कार्ब्युरेटरच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून धुराच्या वाटेत ऑक्सिजन हुंगणारे नाक बसवले, तोच ऑक्सिजन सेन्सर. आणि त्याचे ऐकून पेट्रोल कमीजास्त करणारा छोटा संगणक बसवला. १९७७ च्या सुमारास व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठी अशा गाड्या विकल्या. आता हे नाक बिघडले, कन्व्हर्टर मेला, तर चालवणाऱ्यास काय कळणार? काहीच नाही. गाडी धावते, माणूस खूश असतो, आणि धूर शेजाऱ्यांच्या छातीत जातो. कारखान्यातून उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेली गाडी पाच वर्षांनी काय करते हे पाहायला तिच्यातच एक पहारेकरी हवा होता.

तो पहारेकरी म्हणजे हा पिवळा दिवा. त्याची निष्ठा गाडीच्या मालकाशी नाही, गावच्या हवेशी आहे. तेलाचा तांबडा दिवा इंजिनाची काळजी वाहतो. हा पिवळा दिवा मुख्यत्वे परक्याच्या फुप्फुसांची वाहतो. गाडी ठणठणीत धावत असताना तो का लागतो, याचे उत्तर येथे आहे.

जनरल मोटर्सच्या १९८१ च्या गाड्यांत हा दिवा आणि त्याची बोली दोन्ही होत्या. डॅशबोर्डाखालच्या जोडणीतली दोन टोके तारेच्या तुकड्याने, बहुधा कागद अडकवायच्या टाचणीनेच, जोडायची की दिवा लुकलुकू लागे. एक लुकलुक, थोडा विसावा, मग दोन लुकलुकी, म्हणजे बारा. बारा हा आकडा 'यंत्रणा जागी आहे' एवढेच सांगे. खरा बिघाड त्यानंतरच्या आकड्यांत. घरोघरचे हौशी लोक तारमास्तरासारखे कागद-पेन्सिल घेऊन मोजीत बसत. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून हा पहारा सक्तीचा केला, परंतु प्रत्येक कंपनीची बोली वेगळी, खाच वेगळी. एकीचे यंत्र दुसरीला चालेना, आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचे हात बांधले गेले. आजार सांगणारा आहे, पण त्याची भाषा सरकारी वैद्यालाच येते, असा प्रकार!

१९९० साली कायद्यात सुधारणा झाली, तिच्यात या वादाचे बीज ओळखलेले दिसते. बिघाडाची माहिती वाचण्यास आडकाठी नसावी आणि दुरुस्तीस लागणारे ज्ञान बाहेरच्या कारागिरांनाही मिळावे, असे कलम घातले गेले. १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेतील सर्व मोटारींना एकच सोळा टोकांची खाच आली, चालकाच्या आसनावरून हात पोहोचेल अशी. आकडेही समान ठरले. पहिले अक्षर पी म्हणजे इंजिन व गिअर. मागचे शून्य म्हणजे सर्वांना समान अर्थ. आपल्याकडे मोटारींवर हा पहारा २०१० च्या एप्रिलपासून आला, त्याचा पुढला टप्पा २०१३ ला, आणि २०२० नंतर नव्या स्कूटरींनाही तो लागू झाला.

या व्यवस्थेत मला सर्वांत गंमत वाटली ती कन्व्हर्टरची परीक्षा घेण्याच्या युक्तीची. त्याच्या पुढे एक नाक, मागे एक नाक. पुढच्याचा दाब एक दशांश ते नऊ दशांश व्होल्टच्या दरम्यान सारखा वरखाली नाचतो. कन्व्हर्टर जिवंत असेल तर मागचे शांत असते. मागचेही तसेच नाचू लागले की पहारेकरी ओळखतो, मधला माणूस गेला, आणि पी शून्य चार दोन शून्य लिहून ठेवतो. एक गोष्ट मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. दिवा स्थिर असेल तर सवडीने पाहता येते. तो लुकलुकत असेल तर वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी, कारण पेट्रोल न जळताच कन्व्हर्टरमध्ये जात असते आणि तेथे पेटून तो लालबुंद होतो.

आणि आकडा म्हणजे निकाल नव्हे. तो दुखणे कुठे आहे ते सांगतो, का आहे ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका गॅरेजला फोन करून आमचा आकडा कळवला, तेव्हा गाडी न पाहताच नवा सेन्सर घालावा लागेल असे उत्तर आले. हे नाक चांगले तापल्याखेरीज हुंगत नाही; इंजिन थंड असताना ते चटकन तापावे म्हणून त्यात हीटर असतो, आणि थंड इंजिनाच्या त्या पहिल्या मिनिटांतच धूर सर्वांत घाण असतो. तेव्हा दिवा लागला तो रास्तच. पण बिघाड सेन्सरातच असेल कशावरून? भाच्याने बॉनेट उघडले, बॅटरी धरली, आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला हाक मारली. त्याने वाकून सेन्सरकडे जाणारी वायर बोटाने वर उचलली.

"साहेब, उंदीर," तो म्हणाला.

वायर अर्धी कुरतडलेली होती. घाटातल्या हादऱ्यांनी उरलेले काम केले असावे. त्याने ती कापून, सांधून, वर नळी चढवली. भाच्याने यंत्रातली नोंद पुसली. नुसती नोंद पुसून दिवा विझवणारे, किंवा वर काळी पट्टी चिकटवणारे महाभागही असतात म्हणे! मी किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला, तसा तो लागायलाच हवा, नाहीतर दिवाच गेला समजावे. आणि इंजिन सुरू होताच मालवला. बहीण डबा घेऊन गाडीपाशी आली.

"दादा, चिवडा मागच्या सीटवर ठेवतेय. पुण्याला पोचल्यावर आठवणीनं बाहेर काढ हो, नाहीतर पुन्हा बोलावशील पाहुण्यांना."