तो, मी आणि तुम्ही : विनोदी उपदेशाची मराठी परंपरा

विनोदातून उपदेश करण्याची मराठी रीत छापखान्याच्या कितीतरी आधीची आहे. संत एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांत ती ठसठशीत दिसते. भारुडात उपदेशक समोर येतच नाही. येते ते सोंग. विंचू चावला म्हणून कोणी विव्हळतो, कोणी बाई फाटक्या संसाराचे आणि नवऱ्याचे गाऱ्हाणे गाते. लोक हसतात, आणि मग उलगडते की विंचू म्हणजे काम-क्रोध आणि त्यावरचा उतारा म्हणजे सत्त्वगुण. दोष सोंगाच्या माथी पडतो, बोध मात्र ऐकणाऱ्याच्या पदरात पडतो.

समर्थ रामदासांनी (१६०८–१६८१) सोंग बाजूला ठेवून यादीचा मार्ग धरला. ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. स्वतःच स्वतःची स्तुती करणारा, कारण नसताना हसणारा, घरात शहाणपण सुचूनही सभेत लाजणारा, असे नमुने एकामागून एक येतात आणि प्रत्येकाला मूर्खपणाचा शिक्का बसतो. याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची पाळी येते. ग्रंथ पुरता न वाचताच त्याला नावे ठेवणारा विद्वान तिथे सापडतो. ही लक्षणे सोडून देण्यासाठी सांगितली आहेत, हेही रामदास स्पष्ट करतात. येथे ‘तू’ असे कुठे म्हटलेले नसते. मूर्ख म्हणजे कोणी तिसराच. त्यामुळे ऐकणारा आधी निर्धास्तपणे हसतो आणि पुढच्या एखाद्या ओवीत स्वतःच सापडतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम गद्य विनोदी लेखाकडे आले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या (१८७१–१९३४) ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट रूढी, सण आणि समजुती यांचे इतक्या उत्साहाने समर्थन करते की त्यांतला फोलपणा आपोआप उघडा पडतो. तिसऱ्याच्या अंगावरचे मूर्खपणाचे माप आता निवेदकाने स्वतःच्या पदरात घेतले. कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी (१८८५–१९१९) ‘बाळकराम’ या नावाने हाच धागा पुढे नेला. वरसंशोधन आणि लग्नाची तयारी यांवरचे त्यांचे लेख लग्नाच्या बाजाराची टर उडवतात, तर ‘कवींचा कारखाना’ होतकरू कवींच्या ठरीव कवितेची.

पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांनी ‘तुम्हाला कोण व्हायचंय?’ या लेखात उलटा उपदेश परिपूर्ण केला. मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर व्हायचे, हे विचारून ते गंभीर चेहऱ्याने धडे देतात. पुणेकर होण्यासाठी कशाचा तरी कडकडीत अभिमान बाळगणे आणि माहिती नसलेल्या विषयावरही ठाम मत देणे आवश्यक ठरते. रामदासांनी टाकायला सांगितलेले दोष येथे शिकण्याचे गुण म्हणून पुढे येतात, आणि वाचक ‘तुम्ही’ म्हणून प्रथमच थेट समोर असतो.

चार शतकांत सर्वनामे बदलली, युक्ती तीच राहिली. वडीलधाऱ्यांच्या थेट उपदेशाने तरुण कान बंद करतात. हसण्याच्या निमित्ताने ते उघडे राहतात. मात्र टर माणसाची न उडवता दोषाची उडवली, तरच हसण्याचा उपदेश होतो. नाहीतर ती निव्वळ कुचेष्टा ठरते.