लाल गोळी परळहून आली

गरोदरपणात आशाताई जी लाल गोळी देते, तिच्यात दोन वस्तू असतात: 60 मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड. लोहाबद्दल आपण पुष्कळ ऐकलं आहे. आज आम्ही सांगणार आहोत ती दुसऱ्या वस्तूची गोष्ट, कारण ती मुंबईत, आपल्यासारख्याच बायांच्या रक्तातून सुरू झाली.

1928 साल. मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो बाया कामाला होत्या. कोणी कोकणातून आलेल्या, कोणी साताऱ्याकडून. त्यातल्या कितीतरी गरोदर बाया पांढऱ्याफटक पडायच्या, चार पायऱ्या चढताना धाप लागायची, आणि बाळंतपणात काही दगावायच्या. (गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची भरपगारी नाही, पण थोडा भत्ता देणारी रजा कायद्याने मिळाली ती 1929 साली.) हे दुखणं काय आहे ते शोधायला लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केलं.

लोह कमी पडलं की रक्तातल्या लाल पेशी बारीक होतात. या बायांच्या पेशी उलट मोठ्या होत्या, पण संख्येने थोड्या. पीठ मळलेलं आहे, पण त्याचे गोळेच पडत नाहीत, अशी गत. म्हणजे नुसत्या लोहाने हे भागणार नव्हतं.

विल्सबाईंनी मग औषध शोधायच्या आधी ताट पाहिलं, आणि आम्हाला त्यांचं हेच फार आवडतं. कुठल्या घरातली बाई काय खाते, ते त्यांनी तपासलं. सगळ्यांत गरीब बायांच्या ताटात दूध, फळं, भाजीपाला नावालाच होता, आणि आजारीही त्याच जास्त पडत होत्या. तसंच खाणं त्यांनी उंदरांना घालून पाहिलं. तिथे उंदरांच्या अंगावरच्या उवांनी घोळ केला, कारण त्यांच्यामुळे होणाऱ्या रोगानेही उंदरांचं रक्त उतरत होतं. पुढे माकडांवर प्रयोग झाले. यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा काळा, खारट, स्वस्त अर्क दिल्यावर माकड सुधारलं. तोच अर्क बायांना दिला आणि काही दिवसांत रक्त भरू लागलं. कलेजीच्या अर्कानेही गुण यायचा, पण तो महाग. 1931 साली विल्सबाईंनी हे छापून प्रसिद्ध केलं.

अर्कात नेमकं काय आहे ते तेव्हा कळलेलं नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले. रक्त काढू देणाऱ्या बाया मात्र आकड्यांतच राहिल्या. 1941 साली अमेरिकेत पालकाच्या मोठ्या ढिगातून असाच एक पदार्थ वेगळा काढला गेला. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. हाच तो विल्स घटक.

पान म्हणजे आपली पालेभाजीच. पालक, मेथी, शेवग्याचा पाला. शिवाय हरभरा, चवळी, मटकी, शेंगदाणे. पण भाजी खूप उकळून पाणी ओतून दिलं, तर हा घटक त्या पाण्याबरोबर मोरीत जातो. आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या बुडाचा रस्सा जिच्या वाट्याला येतो, तिच्या पोटात भाजी ती किती जाणार?

गटाच्या बैठकीत आम्ही ऐकतो की गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून पाकीट फळीवरच राहतं. काळं होतं ते लोहामुळे; त्यात घाबरण्यासारखं नाही. रिकाम्या पोटी त्रास होत असेल तर जेवल्यावर घ्या, मात्र चहाबरोबर नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळलेलं पाणी चालेल.

आणखी एक गोष्ट 1991 साली सिद्ध झाली. आधीचं मूल पाठीच्या कण्याच्या व्यंगाचं झालेल्या बायांना दिवस राहण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा पुन्हा तसं मूल होण्याचं प्रमाण जवळजवळ पाऊण हिश्शाने घटलं. कणा जुळतो तो पहिल्या चार आठवड्यांत. तेव्हा कितीदा सुनेलाच ठाऊक नसतं की दिवस राहिलेत. म्हणून लग्न झालेल्या पोरीने मूल हवं असं ठरवलं, की त्याच महिन्यात आशाताईकडे फॉलिक ॲसिडची गोळी मागावी.