लायन्सच्या दफ्तरातील यंत्र

लंडनमध्ये चहाची दुकाने चालवणाऱ्या जे. लायन्स आणि कंपनीने १९५१ साली स्वतःच्या कचेरीसाठी संगणक बांधून तो कामास लावला, ही घटना संगणकविद्येच्या इतिहासात कौतुकाने नोंदली जाते. परंतु ते यंत्र येण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे त्या दफ्तरात जी सिद्धता चालली होती, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एका पेल्यामागे नफा अत्यल्प, व्यवहार मात्र असंख्य, अशा धंद्यात कारकुनी खर्च वाढला तर नफा त्यातच बुडणार, हे जाणून जॉन सिमन्स या गृहस्थांनी (रँग्लर परांजप्यांमुळे आपल्या परिचयाची झालेली केंब्रिजची गणितातील 'रँग्लर' ही पदवी त्यांनीही मिळवली होती) दफ्तरपद्धतीच्या संशोधनाचे स्वतंत्र खाते चालवले. कोणता कागद कोणाकडे जातो, कोणती नोंद दोनदा होते आणि कोणत्या तक्त्याची कोणाला गरजच उरलेली नाही, याची झडती घेणे हे त्या खात्याचे काम.

१९४७ साली थॉम्पसन व स्टँडिंगफर्ड हे कंपनीचे अधिकारी अमेरिकेतील यंत्रे पाहून आले, केंब्रिज विद्यापीठात तयार होत असलेल्या एडसॅक या संगणकाला कंपनीने द्रव्यसाहाय्य केले, आणि त्याच धर्तीवर सुमारे ६ हजार व्हॉल्व्हांचा 'लिओ' हा संगणक कंपनीच्या कॅडबी हॉल या मुख्यालयात उभा राहिला. पहिले काम बेकरीच्या मालाच्या मूल्यगणनेचे होते. पगारपत्रकाचा प्रश्न अधिक नाजूक, कारण शुक्रवारचे पाकीट चुकले तर कामगार यंत्राला नव्हे, मालकाला जाब विचारणार. म्हणून कारकुनाला एका माणसाच्या हिशेबास लागणारी आठ मिनिटे लिओ दीड सेकंदावर आणीत असूनही, प्रथम दोन्ही हिशेब समांतर चालवून त्यांची रुजवात घेण्यात आली, आणि मगच जुनी पद्धत बंद झाली.

१९५४ साली दुकानांच्या मागण्याही लिओकडे आल्या. प्रत्येक दुकानाची वाराप्रमाणे ठरलेली मागणी यंत्राजवळ असे. दुकानाच्या व्यवस्थापिकेला ठरल्या वेळी दूरध्वनी जाई, तिने सांगितलेला फरक तेवढाच कार्डावर टोचला जाई, आणि बाकीची मागणी पूर्ववत धरली जाई. ही युक्ती यंत्राच्या वेगातून निघालेली नव्हती. दुकानात रोज नेमके काय बदलते, हे कोणीतरी शांतपणे पाहिले होते, त्यातून ती निघाली होती.

तेव्हा नव्या यंत्रसामग्रीच्या मंजुरीचा अर्ज धन्यापुढे ठेवण्यापूर्वी, कोणते काम मुळात करावयाचे आणि ते बिनचूक झाले हे कोणत्या रुजवातीने ठरवावयाचे, एवढे दोन प्रश्न संगणकखात्याच्या प्रमुखाने आधी निकालात काढावेत, हीच लायन्सच्या दफ्तराची शिकवण होय.